लॅपटॉपमधील अंगभूत उपकरणांचे स्थान आणि प्रोग्रॅमचा दावा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात 'हार्डवेअर शोधणे' हा शब्दप्रयोग सर्रास वापरला जातो. प्रोग्रॅमने कॅमेरा शोधला, मायक्रोफोन शोधला, सेन्सर शोधला असे आपण फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ते उतरवून घेतात. उपकरण संगणकात आहे की नाही एवढ्यापुरते हे विधान बरोबर आहे. यूएसबीसारख्या मार्गावर जोडलेले प्रत्येक उपकरण विचारणा होताच आपला निर्माता, आपला प्रकार व आपली क्षमता स्वतःहून सांगते. मात्र ते उपकरण संगणकाच्या देहावर नेमके कोठे बसविले आहे, झाकणात की तळात, पडद्याच्या वर की खाली, वापरणाऱ्याकडे तोंड करून की पाठ करून, हे त्या उपकरणाला स्वतःला ठाऊक नसते. कॅमेऱ्याची एकच लहानशी पट्टी एका लॅपटॉपमध्ये पडद्यावर तर दुसऱ्यात पडद्याखाली बसविता येते आणि दोन्हीकडे ती स्वतःविषयी अक्षरशः तेच सांगते.

तरीही स्थान सांगणारे प्रोग्रॅम आज सर्वत्र आहेत व त्यांच्या उत्तरांवर निर्णयही घेतले जातात. हे उत्तर येते कोठून, त्यावर किती विश्वास ठेवावा आणि उत्तर नसेल तेव्हा काय करावे, या तीन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, या बाबतीत प्रोग्रॅम काहीही शोधत नाही. निर्मात्याने कारखान्यात लिहून ठेवलेले निवेदन तो वाचतो. वाचन आणि शोध यांतील हा भेद पाठ्यक्रमात पुसट झाला आहे आणि त्याची किंमत बहुधा विद्यार्थीच मोजतो.

निवेदनाचा मूळ दस्तऐवज

संगणकाच्या फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टीमला यंत्राच्या रचनेची माहिती कशी द्यावी, याचे एसीपीआय नावाचे विनिर्देश आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी त्यांची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. २०१३ पासून त्यांची जबाबदारी यूईएफआय फोरमकडे आहे. या विनिर्देशांत 'पीएलडी', म्हणजे उपकरणाचे भौतिक स्थान, अशी एक नोंद आहे. मूलतः जोडणीची छिद्रे व बटणे यांचे वर्णन डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही नोंद पुढे कॅमेऱ्यासाठीही वापरली जाऊ लागली. काही बाइटांच्या या नोंदीत उपकरण कोणत्या पृष्ठावर आहे, ते झाकणात आहे काय, डॉकमध्ये आहे काय, वापरणाऱ्याला दिसते काय, पृष्ठावर वर-मध्ये-खाली व डावीकडे-मध्ये-उजवीकडे यांपैकी कोठे आहे, किती अंशांनी फिरवून बसविले आहे, इतकेच नव्हे तर त्याचा रंग कोणता, हेही लिहिण्याची सोय आहे. कागदावर पाहता नोंद समृद्ध आहे.

दोष तिच्या एका बारीक तपशिलात आहे. पृष्ठासाठी तीन बिट राखून ठेवले आहेत. त्यांत ० म्हणजे वरचे पृष्ठ, १ खालचे, २ डावे, ३ उजवे, ४ पुढचे, ५ मागचे आणि ६ म्हणजे 'अज्ञात'. आता एखाद्या निर्मात्याच्या अभियंत्याने ही नोंद तयार केली, पण हे तीन बिट भरण्याचे कष्ट घेतले नाहीत, असे समजा. न भरलेली जागा शून्य असते आणि शून्याचा अर्थ 'वरचे पृष्ठ' असा ठरलेला आहे. म्हणजे मौन हेच येथे एक ठाम विधान ठरते. 'मला माहीत नाही' असे सांगण्यासाठी मात्र जाणीवपूर्वक ६ लिहावे लागते. जनगणनेच्या अर्जात रिकाम्या रकान्याचा अर्थ 'पुरुष' असा धरला तर जे होईल, तेच येथे होते. विंडोजच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेत पृष्ठांची जी यादी आहे तिच्यात शून्य हा आकडा 'अज्ञात'साठी राखला आहे. ही निवड निःसंशय अधिक प्रामाणिक आहे. पण ती वरच्या मजल्यावरची दुरुस्ती आहे, पाया तोच राहतो. फर्मवेअरमध्ये चुकून 'वर' असे लिहिले गेले असेल तर विंडोज तेच विश्वासाने पुढे सांगणार.

नोंद यंत्राच्या मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये राहते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ती त्या मॉडेलविषयी बोलते, समोर ठेवलेल्या प्रत्यक्ष यंत्राविषयी नव्हे. नव्या लॅपटॉपच्या बाबतीत हा फरक शून्यवत असतो. परंतु मुंबईतील विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावरून, जुना किंवा दुरुस्त केलेला लॅपटॉप घेतो. अशा यंत्राचा पडदा एका ठिकाणचा, मदरबोर्ड दुसऱ्या ठिकाणचा असू शकतो. बोर्ड बदलला की स्थानाचे निवेदनही त्याच्याबरोबर येते आणि पूर्वीच्या देहाचे वर्णन नव्या देहाला लागू होते. कोणतीही तक्रार न करता प्रोग्रॅम ते वाचतो.

वरच्या थरातील गळती

मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये 'एन्क्लोजर लोकेशन' या नावाने ही माहिती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांस उपलब्ध करून दिली. उपकरण डॉकमध्ये आहे काय, झाकणात आहे काय, कोणत्या पृष्ठावर आहे आणि किती अंशांनी फिरवले आहे, एवढ्या चार गोष्टी तेथे मिळतात. मूळ नोंदीतील 'वर-मध्ये-खाली' व 'डावीकडे-मध्ये-उजवीकडे' ही माहिती येथे येतच नाही. निर्मात्याने ती काळजीपूर्वक लिहिली असली तरी ती मधल्या थरात गळून पडते. लिनक्सच्या कर्नलने २०२२ पासून ही मूळ नोंद साध्या फायलींच्या रूपाने वाचता येईल अशी सोय केली असून त्यात उभे व आडवे स्थानही मिळते. म्हणजे एकाच यंत्रावर एक ऑपरेटिंग सिस्टीम कॅमेऱ्याविषयी अधिक जाणते व दुसरी कमी. 'संगणकाला माहीत आहे' हे विधान किती सैल आहे याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

हा तपशील क्षुल्लक नाही. डेलच्या 'एक्सपीएस १३' या लॅपटॉपची २०१५ ची आवृत्ती पाहा. पडद्याभोवतीची चौकट अरुंद करण्याच्या नादात कॅमेरा पडद्याखाली डाव्या कोपऱ्यात नेला गेला, २०१८ मध्ये तो खालीच मध्यभागी आला आणि २०१९ च्या आवृत्तीत पुन्हा पडद्याच्या वर गेला. पृष्ठाच्या भाषेत हे तिन्ही कॅमेरे 'पुढचे'च. प्रोग्रॅमला त्यांत काहीच फरक दिसत नाही, पण बसलेल्या माणसाचा चेहरा वरून दिसतो की हनुवटीखालून, हा फरक वापरणाऱ्याला चांगलाच जाणवतो. हुआवेने २०१८ च्या 'मेटबुक एक्स प्रो'मध्ये तर कॅमेरा कळफलकाच्या वरच्या ओळीतील एका बटणाखाली दडविला. तेथे तो झाकणातही नाही आणि पडद्याच्या पृष्ठावरही नाही.

त्याहून गंभीर प्रश्न उत्तर नसण्याचा आहे. 'एन्क्लोजर लोकेशन' रिकामे येऊ शकते, हे विंडोजच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले आहे. विंडोज १० च्या काळात मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्यासाठी जो नमुना प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, त्यात या रिकामेपणाचे काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. स्थान रिकामे असेल किंवा पृष्ठ 'अज्ञात' असेल, तर कॅमेरा बाहेरून जोडलेला आहे असे गृहीत धरावे, असा तेथील व्यवहार आहे. बाहेरचा ठरला की चित्र यंत्राच्या दिशेनुसार फिरवायचे नाही व आरशासारखे उलटवायचेही नाही. नमुना प्रोग्रॅम हा कायदा नव्हे हे मान्य. परंतु ज्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासले आहेत त्यांना ठाऊक आहे की, नमुना प्रोग्रॅम हाच प्रत्यक्षात कायदा असतो. तो जसाच्या तसा उतरविला जातो. परिणामी लॅपटॉपच्या झाकणात पक्का बसविलेला कॅमेरा, केवळ निर्मात्याने नोंद केली नाही म्हणून, प्रोग्रॅमच्या दृष्टीने परका ठरतो. बहुतेक लॅपटॉपचा अंगभूत कॅमेरा आतून यूएसबीवरच जोडलेला असल्याने जोडणीच्या प्रकारावरूनही हा गोंधळ सुटत नाही. यूएसबीचे ते ठिकाण आतले, वापरणाऱ्याला न दिसणारे आहे, हे पुन्हा फर्मवेअरनेच सांगावे लागते.

मायक्रोफोनच्या बाबतीत चित्र वेगळे आहे आणि ते उद्बोधक आहे. अनेक मायक्रोफोनांच्या रांगेसाठी विंडोज व्हिस्टाच्या काळापासून जी वर्णनपद्धती आहे, तिच्यात प्रत्येक मायक्रोफोनचे तिन्ही अक्षांवरील स्थान मिलिमीटरमध्ये द्यावे लागते. समोरच्या माणसाचा आवाज उचलून आजूबाजूचा गोंगाट कमी करण्याचे गणित या अंतरांवरच चालते. अंतर चुकले की आवाज बिघडतो आणि ग्राहक तक्रार करतो. ज्या माहितीवाचून माल विकला जात नाही ती माहिती निर्माता मिलिमीटरपर्यंत भरतो आणि जिच्यावाचून फक्त दूरच्या एखाद्या प्रोग्रॅमची अडचण होते ती रिकामी सोडतो. प्रश्न तांत्रिक अशक्यतेचा नाही हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

लिखित निवेदन चुकीचेही असते, याचा पुरावा उघड्यावर उपलब्ध आहे. पडदा आपोआप फिरविण्यासाठी वापरला जाणारा प्रवेगमापक सेन्सर कोणत्या दिशेने बसविला आहे, हे अनेक यंत्रांच्या फर्मवेअरमधून नीट कळत नाही. लिनक्सवरील 'सिस्टीमडी' या प्रकल्पात म्हणून एक लांबलचक यादी सांभाळली जाते. अमुक कंपनीच्या अमुक मॉडेलमध्ये सेन्सर असा फिरलेला आहे, सबब त्याच्या वाचनाला अमुक मांडणीने गुणावे, असे तिचे स्वरूप आहे. ही यादी वापरकर्त्यांनी स्वतःची यंत्रे हातात धरून, आडवी-उभी करून तयार केली आहे. स्थाननिदान या शब्दाला पात्र असे काही असेल तर ते हेच. ते प्रोग्रॅमने केलेले नाही, माणसांनी केले आहे.

आकाश टॅबलेटचा धडा

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे वाटण्याचे कारण नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत आकाश टॅबलेटचे अनावरण केले. पहिल्या आवृत्तीवर बरीच टीका झाली. त्यानंतर प्रकल्पाची सूत्रे पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली व प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली काम पुढे सरकले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश २ सादर झाला. सात इंची पडदा, अँड्रॉइड ४.०, ५१२ एमबी स्मृती आणि पडद्याच्या बाजूला एकच व्हीजीए कॅमेरा, अशी त्याची रचना होती. मागील बाजूस कॅमेरा नव्हता.

त्या काळच्या अँड्रॉइडची कॅमेऱ्याविषयीची भाषा मात्र फोनवरून घडली होती. सुरुवातीच्या फोनांना एकच कॅमेरा असे व तो पाठीवर असे. 'कॅमेरा ओपन' ही आज्ञा कोणतीही संख्या न देता वापरली, तर यंत्रावरील पहिला मागचा कॅमेरा मिळतो आणि मागचा कॅमेरा नसेल तर काहीच मिळत नाही, असे तिचे अधिकृत वर्णन आहे. अँड्रॉइड २.३ पासून, म्हणजे डिसेंबर २०१० पासून, कॅमेरे मोजण्याची व प्रत्येकाचे तोंड कोणीकडे आहे हे विचारण्याची सोय झाली होती. तथापि जुनी आज्ञा सोपी होती व पुस्तकांतून तीच शिकविली जात होती. पुस्तकातील ती एक ओळ आकाश २ वर जशीच्या तशी चालविली तर वर्णनानुसार उत्तर रिकामे येणार, हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. कॅमेरा समोर दिसतो आहे, आपण त्याच्याकडे पाहतो आहोत आणि प्रोग्रॅम म्हणतो आहे की कॅमेरा नाही. त्याच वर्षी आलेल्या गूगलच्या 'नेक्सस ७' या टॅबलेटलाही केवळ पुढचाच कॅमेरा होता. अँड्रॉइडच्या परिभाषेत 'कॅमेरा आहे' याचा अर्थ 'मागचा कॅमेरा आहे' असा होता. 'कोणताही कॅमेरा' असे म्हणण्याची सोय ४.२ या आवृत्तीत आली आणि ती आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मधलीच, आकाश २ नंतर दोनच दिवसांनी प्रसिद्ध झालेली.

स्वस्त यंत्र बनविणाऱ्याने कॅमेरा एकच ठेवायचे ठरवले तर तो पुढचा ठेवावा, कारण दूरस्थ वर्गात विद्यार्थ्याचा चेहरा दिसणे महत्त्वाचे, हा विचार शैक्षणिक दृष्टीने योग्यच म्हणावा लागेल. अडचण यंत्रात नव्हती. महागड्या फोनची रचना हीच सर्वसाधारण रचना मानून भाषा तयार झाली होती आणि त्या भाषेत विद्यार्थ्याच्या टॅबलेटला नावच नव्हते.

'पुढचा' म्हणजे कोणाचा पुढचा?

या ठिकाणी शब्दांचा थोडा विचार करणे भाग आहे. 'मागचा' कॅमेरा आपल्याला जे पुढे आहे ते दाखवतो आणि 'पुढचा' कॅमेरा आपल्या पाठीमागची भिंत. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात, पण परीक्षेत नेमके येथेच चुकतात. वडाळ्याचा माणूस पत्ता सांगताना स्टेशनची डावी-उजवी बाजू सांगत नाही, 'ईस्ट' की 'वेस्ट' एवढेच सांगतो. डावे-उजवे हे गाडी सीएसएमटीकडे चालली आहे की पनवेलकडे यावर पालटते, रुळांच्या दोन बाजू मात्र पालटत नाहीत. एसीपीआयची पृष्ठे अशीच यंत्राला चिकटलेली आहेत. याउलट ब्राउझरमधील प्रोग्रॅमसाठी डब्ल्यूथ्रीसीने जी व्याख्या केली, ती 'कॅमेरा वापरणाऱ्याकडे पाहतो की परिसराकडे' अशी नजरेच्या दिशेवर बेतलेली आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. झाकण पूर्ण उलटे वळविता येणाऱ्या लॅपटॉपमध्ये मात्र त्यांची फारकत होते. कॅमेरा ज्या पृष्ठावर आहे तेथेच राहतो, पण तळाच्या संदर्भात त्याची दिशा बदलते. पाठ्यपुस्तकांत या दोन पद्धती एकाच परिच्छेदात, एकमेकींचे पर्याय म्हणून येतात, हे योग्य नाही.

ब्राउझरमध्येही रिकामे उत्तर असतेच. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याची दिशा अनेकदा सांगितली जात नाही. तेथे 'वापरणाऱ्याकडे पाहणारा कॅमेरा असल्यास बरा' अशी विनंती केली तर उपलब्ध कॅमेरा मिळतो. 'तोच हवा' असा हट्ट धरला तर मागणी पुरी होत नाही असे सांगून काम थांबते. विनंती आणि हट्ट यांत कोडमधील फरक एका शब्दाचा आहे.

परीक्षेच्या संदर्भात

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात ऑनलाइन झाल्या. पुढील काळात देशभर अनेक परीक्षांत कॅमेऱ्याद्वारे देखरेख ठेवणारे प्रोग्रॅम वापरले गेले. त्यांपैकी काही प्रोग्रॅम परीक्षार्थीची मान व नजर कोणत्या दिशेला आहे यावरून संशयाची नोंद करतात. नजरेचा कोन काढण्यासाठी कॅमेरा पडद्याच्या संदर्भात कोठे आहे हे माहीत असावे लागते. ते माहीत नसेल तर कॅमेरा पडद्याच्या वर मध्यभागी आहे असे धरले जाते. आता ज्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचा कॅमेरा पडद्याखाली डाव्या कोपऱ्यात आहे ती सरळ प्रश्नपत्रिकेकडे पाहत असली तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीने वर व बाजूला पाहते. प्रामाणिकपणे पडद्याकडे पाहण्याची तिची कृतीच विचलन म्हणून मोजली जाऊ शकते. जिने बाहेरचा कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर ठेवला आहे तिचीही हीच गत.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, अंतिम निर्णय माणूसच घेतो, प्रोग्रॅम केवळ खूण करतो. आक्षेप अर्धा खरा आहे. शंभर परीक्षार्थींच्या खुणा तपासणाऱ्या अध्यापकापुढे लाल रंगातली नावे आधीच वेगळी होऊन येतात. तो त्या नावांकडे मोकळ्या मनाने पाहू शकत नाही. आणि त्याच्यापुढे खुणेचे कारण लिहिलेले असते, पण कॅमेऱ्याचे स्थान गृहीत धरले होते ही गोष्ट लिहिलेली नसते.

उपाय अवघड नाही आणि तो खऱ्या अर्थाने शोधाचा आहे. परीक्षा सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याला पडद्याच्या चारही कोपऱ्यांवरील व मध्यावरील ठिपक्याकडे क्रमाने पाहण्यास सांगावे आणि मिळालेल्या चित्रांवरून त्या विशिष्ट यंत्राची, त्या विशिष्ट बैठकीची मोजणी करावी. याला दोन-तीन मिनिटे लागतात. ही मोजणी झाली नसेल किंवा अविश्वसनीय असेल, तर नजरेवर आधारित खूण करूच नये. तेवढ्यापुरती देखरेख सैल होते हे मान्य करावे लागेल. परंतु अज्ञात गोष्टीच्या आधारे संशय घेण्यापेक्षा संशयच न घेणे परीक्षापद्धतीच्या दृष्टीने अधिक शिस्तीचे आहे.

प्रात्यक्षिकाविषयी एक सूचना

आमच्याकडे तृतीय वर्षाच्या प्रकल्पांत चेहऱ्यावरून हजेरी घेण्याचा विषय दरवर्षी किमान दोन गट निवडतात. त्यांच्या अहवालात 'प्रणाली कॅमेऱ्याचे स्थान आपोआप ओळखते' हे वाक्य हमखास असते. कोड उघडून पाहिला तर तेथे उत्तर रिकामे आल्यास 'पुढचा' समजण्याची एक ओळ असते आणि प्रयोगशाळेतील सर्व यंत्रे एकाच बनावटीची असल्याने ती कधीच उघडी पडत नाही. बाह्य परीक्षकही चालू प्रोग्रॅम पाहून गुण देतात.

या विषयावर एक प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात सहज बसविता येईल. त्यासाठी नवे साहित्य लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा, भावंडाचा किंवा शेजाऱ्याचा लॅपटॉप घेऊन लिनक्स अथवा विंडोजवर स्थानाची नोंद वाचावी आणि वहीत तीन रकाने करावेत : यंत्राने काय सांगितले, डोळ्यांना काय दिसले आणि यंत्र कोठे गप्प राहिले. कॅमेरा, मायक्रोफोन, प्रवेगमापक आणि यूएसबीची छिद्रे एवढी चार उपकरणे पुरेत. वर्गातील पन्नास-साठ यंत्रांच्या नोंदी एकत्र केल्या की कोणत्या निर्मात्याने किती लिहिले आहे याचा तक्ता आपोआप उभा राहील. त्यातील तिसरा रकाना भरताना विद्यार्थ्यांना शून्य आणि सहा यांतील फरकही वेगळा शिकवावा लागणार नाही.